आक्कांचा गुडघा आणि पोरींची सहल

आक्कांचा पाय मोडला नव्हता, गुडघा गेला होता. विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकाला हा फरक त्या ठणकावून सांगत. “पाय मोडला म्हंजी मानूस पडला. मी पडले न्हाई. गाडी आडवी झाली, मी आपली बसलेलीच हुते.”

गाडी म्हणजे आमच्या मजल्यावरच्या एका मुलीची नवी इलेक्ट्रिक स्कूटर. मुलगी जळगावची, म्हणून आक्कांच्या लेखी तिचं नाव जळगाव. मी परभणीची, म्हणून परभणी. चिखलीतल्या त्यांच्या इमारतीत खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्या आम्ही सगळ्या मुली अशाच गावांच्या नावांनी ओळखल्या जायचो. कुणी चाकणला कंपनीत, कुणी भोसरीत. जिन्यातून हाक यायची, “सांगलीऽ, तुजा नळ वाहतोय!” आणि सांगली धावत जायची. आमची खरी नावं आक्कांना ठाऊक होती की नव्हती, मला अजून कळलेलं नाही.

स्कूटर आली त्या संध्याकाळी आक्का खाली उतरल्या आणि म्हणाल्या, “चल, मला एक फेरी मारून आन. मी बसून बगते, मग तू कंपनीत ने.” हा त्यांचा नियम होता. आम्हा मुलींच्या वाट्याला येणारी कुठलीही नवी गोष्ट आधी आक्का स्वतः बघून येत. कुदळवाडीच्या वळणावर खडी पसरली होती. स्कूटर घसरली, तीही अगदी हळू, म्हशीने बसकण मारावी तशी. जळगावला खरचटलंसुद्धा नाही. आक्कांचा गुडघा मात्र खाली सापडून पिळवटला. रिक्षातून घरी आणलं तेव्हा जिन्याच्या पायरीवर बसून आक्कांनी आधी निकाल दिला. “गाडी चांगली हाय. पोरीचं ब्रेकवर लक्ष हाय. रस्ता खराब हाय. वापर तू बिनघोर.” आणि मग, जरा थांबून, “आता मला कुनीतरी उचला.”

त्यांचं घराणं चिखलीतलं जुनं. रस्त्याने जाताना पावडर कोटिंगच्या एखाद्या शेडकडे बोट दाखवून त्या म्हणायच्या, “हितं आमचा हरभरा हुता.” त्यात हळहळ नसायची, पत्ता सांगावा तसं सांगायच्या. शेतात वर्कशॉप उभी राहिली, एक त्यांच्या मुलाचंही होतं, आणि वर्कशॉपमागून आम्ही आलो. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आणि सून तळमजल्यावर राहायची, पण इमारत आक्का चालवायच्या. मोबाईल आरशासारखा तोंडासमोर धरून त्या एवढ्या मोठ्याने बोलायच्या, की पलीकडच्या माणसाला फोनची गरजच नव्हती. आणि आपण काही तक्रार घेऊन गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं, “आधी बस. पानी पी. मग सांग.” पाणी पिऊन होईस्तोवर निम्मी तक्रार विसरलेली असायची.

गल्लीत नवीन डॉक्टर आले तेव्हा आक्का धडधाकट असताना खोकत खोकत त्यांच्याकडे गेल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, काही झालेलं नाही, गरम पाणी प्या. आक्का खूश होऊन परतल्या. “औषध दिलं न्हाई, म्हंजी शाना हाय. पोरींनो, जा तुमी त्येच्याकडं.” कोपऱ्यावर खानावळ निघाली, तर घरी सून रांधत असताना ह्या आठवडाभर तिथे जेवल्या. “भाजी बरी हाय. पोळी कच्ची ऱ्हाती. पन बाई मनानं चांगली हाय, ती शिकंल.”

माझ्या बाबतीत तर त्यांनी कहर केला. मी चाकणला वायरिंगचे जुडगे तपासायच्या कामाला लागले तेव्हाची गोष्ट. पहिल्या शिफ्टला भल्या सकाळी चौकातून कंपनीची बस निघायची. मी चढले आणि माझ्यामागून, शाल गुंडाळून, आक्का चढल्या.

ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, ही कंपनीची गाडी आहे.”

“म्हाईत हाय. म्हनूनच आलेय.”

त्या थेट त्याच्या मागच्या सीटवर बसल्या. मोशी गेलं, चाकण आलं, बसमधले लोक एकमेकांना कोपरं मारून हसत होते आणि मी खिडकीला तोंड चिकटवून बसले होते. कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीने ओळखपत्र मागितलं तेव्हा आक्का ताठ उभ्या राहून म्हणाल्या, “मी परभनीची मालकीन हाय.”

त्या दिवसापासून लाइनवर सगळे मला परभणीच म्हणू लागले. आणि सुपरवायझर मध्येच गंभीर चेहऱ्याने विचारायचा, “काय, मालकीणबाई बऱ्या आहेत ना?” संध्याकाळी मी तणतणत घरी आले. आक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “डायवर तंबाखू खातो. पन मोबाईल बगत न्हाई. जा तू बिनघोर.” रागावायचं ठरवून आलेली मी तिथेच बसले आणि तांदूळ निवडू लागले.

तर गुडघा. डॉक्टरांनी सांगितलं, लिगामेंट फाटलंय. मांडीपासून पोटरीपर्यंत लांब बेल्ट दिला, पाय सरळ ठेवायचा, बर्फ लावायचा, जिना चढायचा नाही, आणि सूज उतरली की ऑपरेशनचं बघू. नेमकी त्याच सुमारास आमची सहल ठरलेली. थंडीत एकदा आक्का आम्हा सगळ्यांना गाडी करून कुठेतरी न्यायच्या. एरवी देवदर्शनच असायचं. त्या वर्षी मुलींनी हट्ट धरला होता, घाटाखालच्या थीम पार्कला जायचं. आक्कांनी शब्द दिला होता आणि मग गुडघा गेला.

मुलगा म्हणाला, “आई, पुढच्या वर्षी जा.”

“गुडघा माजा हाय. सहल पोरींची हाय.”

“मग पोरींना जाऊ दे, तू घरी थांब.”

आक्कांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो वर्कशॉपला निघून गेला.

सर्वांत कठीण अवस्था जळगावची होती. पडल्यापासून तिने स्कूटरला हात लावला नव्हता. आक्कांनी किल्ली हातात दिली तरी ती परत खिळ्याला अडकवायची आणि बसने जायची. रोज कामावरून आली की आक्कांच्या पायाला बर्फ लावायला बसायची, आणि आक्का किती जरी म्हणाल्या, “आगं, माझ्याच हौसेनं बसले मी,” तरी तिचा चेहरा उजळायचा नाही. सहलीला ती येणारच नव्हती. आक्का म्हणाल्या, “मग बर्फ कोन लावनार, परभनी? ती तर नुसती बडबड करती.” तेव्हा ती तयार झाली.

सुनेने मोठ्या थर्मासमध्ये बर्फ भरून दिला, गोळ्या कशा घ्यायच्या ते मला समजावलं, पायाखाली ठेवायला उशी दिली. गाडीत दोन सीटच्या मधल्या जागेत वेताची पाटी उलटी ठेवून आक्कांचा पाय सरळ केला. घाट उतरताना वळणागणिक त्यांचा ओठ दाताखाली जात होता, पण विचारलं की म्हणत, “मला काय झालंया? बाहेर बगा तुमी.”

पार्कच्या गेटवर पिशव्या तपासणाऱ्या मुलीने थर्मास उघडला. बाहेरचं खाणं-पिणं आत न्यायचं नव्हतं.

“ह्यात बर्फ हाय,” आक्का म्हणाल्या. “गुडघ्याचा.” आणि तिथल्या तिथे साडी जराशी वर करून बेल्ट दाखवला. मुलीने गोंधळून थर्मासही सोडला आणि त्याच्याखाली दडलेल्या भाकऱ्याही.

आत व्हीलचेअर मिळत होती. आक्का तिच्याकडे बघायला तयार नाहीत. “मी काय म्हातारी हाय?” जळगावने गुपचूप खुर्ची आणली आणि त्यात सगळ्यांच्या पिशव्या ठेवल्या. थोडं अंतर आक्का माझ्या खांद्याचा आधार घेऊन, पाय फेंगडा टाकत चालल्या. मग थांबल्या. पिशव्यांकडे बघून म्हणाल्या, “ह्या पिशव्यांना काय पाय न्हाईत म्हनून बसवल्यात व्हय?” पिशव्या आम्ही गळ्यात अडकवल्या आणि आक्का खुर्चीत बसल्या. बसल्यावर मात्र त्यांना ती खुर्ची फार आवडली. हाताने दिशा दाखवत, माणसांना “ए बाबा, जरा सरक” करत त्या पार्कभर अशा फिरल्या, की लोकांना वाटावं पाहणीला कुणी साहेब आलेत.

आणि पाहणीच चालली होती. प्रत्येक खेळण्यापाशी सूचनांचा बोर्ड असायचा. हृदयविकार, पाठदुखी, गरोदर स्त्रिया वगैरे. आक्का तो मला मोठ्याने वाचायला लावायच्या आणि मग खेळणं चालवणाऱ्या माणसाची उलटतपासणी घ्यायच्या.

“तू बसला का यात?”

“हो आजी, कितीदा.”

“तुज्या आयला बसवशील?”

एक जण विचारात पडला. आक्कांनी आम्हाला तिथून पुढे काढलं. दुसरा म्हणाला, “आजी, रोज सकाळी आधी रिकामं फिरवून बघतो, मग आम्ही स्वतः बसतो, मगच गेट उघडतं.” आक्कांनी त्याला पिशवीतून भाकरी काढून दिली.

जमेल तिथे त्या स्वतः बसल्या. बाकड्यावर पाय लांब करता येईल अशा झुकझुक गाडीत बसल्या, बोटीत बसल्या. अधूनमधून सावली बघून आम्ही थांबायचो, पाय समोरच्या कट्ट्यावर उशीवर ठेवायचो, जळगाव बर्फ धरायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आलं ते सर्वांत मोठं, लोखंडी रुळांवरून आभाळात चढून खाली कोसळणारं आणि उलटं होणारं. मुली ह्याच्याचसाठी आल्या होत्या. खालपर्यंत किंकाळ्या येत होत्या.

आक्का बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “थांबा तुमी. मी बगून येते.”

तिथल्या माणसाने अतिशय नम्रपणे सांगितलं, की ते शक्य नाही. पाय दुमडला नाही तर मांडीवरचा दांडा लागणार नाही.

“दुमडीन की.”

“बेल्ट आहे ना आजी.”

“बेल्ट काडते.”

आणि त्यांनी खरंच खाली वाकून बेल्टचा पट्टा चर्रकन ओढला. मी “आक्का, आक्का” करत हात धरायला गेले, त्यांनी माझा हात झटकला. दुसरा पट्टा सुटला. गुडघा उघडा पडला, सुजलेला, जांभळा. आणि तेवढ्यात जळगाव ओरडली.

“नाही काढायचा! एकदा माझ्या मागे बसून पाय घालवलात, आता अजून काय घालवायचंय?”

आक्कांवर कुणी आवाज चढवल्याचं आमच्यापैकी कुणीही पाहिलं नव्हतं. जळगाव तरीही थांबली नाही. खाली बसून तिने बेल्ट पुन्हा बांधला, एकेक पट्टा ओढून. मग उभी राहिली. “तुम्ही इथे बसा. मी जाऊन बघून येते.”

“तू न्हाई जायचं.”

“मी जाणार, आक्का.”

ती रांगेत जाऊन उभी राहिली. बाकीच्या मुलींनी एकदा आक्कांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि त्या तिच्या मागे गेल्या. खुर्चीपाशी मी राहिले. उंचीची मला तशीही भीती वाटते.

रांग लांब होती. खुर्ची मी झाडाखाली नेली, पाय वर ठेवला, उरलेला बर्फ लावला. मला वाटलं, आक्का रागावल्या. रांगेवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, “माझी थोरली अशीच हुती. बोलली म्हंजी बोलली.”

त्यांना मुलगी होती हे मला ठाऊकच नव्हतं. घरात तिचा फोटो नव्हता.

“जुन्नरच्या पलीकडं दिली. घर बगायला आमचं मालक गेलं, दीर गेलं, मामा गेलं. मी म्हनलं, मी बी येते. तर म्हनले, बायकांचं काय काम? आलं आन् म्हनले, घर लई चांगलं हाय. टॅक्टर हाय, गोठा हाय.” त्यांनी पदराने गुडघ्यावरचं पाणी टिपलं. “पैल्याच वर्षी तिला कावीळ झाली. त्यांनी अंगारा लावला. आमाला कळवलं तवा ती कुनाला वळखत नव्हती.”

मी विचारलं, “तुम्ही गेला असतात तर काय दिसलं असतं, आक्का?”

“न्हाई म्हाईत.” त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. “चूल दिसली आसती. सासूचं त्वांड दिसलं आसतं. काय बी दिसलं नसतं कदाचित. पन मी जाऊन आले आसते गं.”

तेवढ्यात रुळांवरची गाडी सुटली. सर्वांत पुढच्या सीटवर जळगाव होती, तिच्या पिवळ्या कुडत्यामुळे ओळखू आली. डबे टकटक करत वर चढू लागले आणि आक्का खुर्चीतून उठल्या. मी खांदा दिला. चांगल्या पायावर सगळा भार टाकून, माझ्या दंडात बोटं रुतवून त्या उभ्या राहिल्या. गाडी टोकावर क्षणभर थांबल्यासारखी झाली, मग कोसळली. वळली, उलटी झाली, पुन्हा वर आली. किंकाळ्यांचा नुसता कल्लोळ. आक्कांचे डोळे त्या पिवळ्या ठिपक्यावरून हलले नाहीत.

मुली बाहेर आल्या त्या केस पिंजारलेल्या, हसत, एकमेकींच्या अंगावर पडत. जळगाव सगळ्यांत मागे होती. चेहरा पांढराफटक. ती सरळ आक्कांसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “दांडा घट्ट बसतो. धक्के मानेला लागतात, पण डोकं मागे टेकून ठेवलं की नाही लागत. माणूस प्रत्येकाचा दांडा दोनदा ओढून बघतो. चांगलं आहे.”

आक्कांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून इकडे तिकडे वळवून पाहिला, कुठे काही मोडलंय का बघावं तसा. मग तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

“माज्यावर आवाज चढवती?”

“चढवते,” जळगाव म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

गुडघ्याचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. त्या दिवशीच्या उभं राहण्याने सूज दुप्पट झाली. डॉक्टरांनी आक्कांना आणि आम्हा सगळ्यांना एका ओळीत उभं करून फैलावर घेतलं. ऑपरेशन झालं. पायाचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला आक्का पुणे म्हणत आणि तिच्याशी भांडत भांडत पाय वाकवायला शिकल्या. पाय वाकला त्याच आठवड्यात जळगावने खिळ्यावरची किल्ली काढली आणि स्कूटर कामावर नेली. आता मी ताथवड्याला राहते. मध्ये चिखलीला गेले होते तेव्हा आक्का जिन्यात उभ्या राहून कुणा नव्या मुलीला सांगत होत्या, की पाय मोडणं आणि गुडघा जाणं ह्यांत फरक असतो. मला बघून म्हणाल्या, “आधी बस. पानी पी.” पूर्वीसारखं जमिनीवर बसता येत नाही एवढीच त्यांची तक्रार आहे.

पण आठवते ती त्या दिवशीची परतीची गाडी. ऊन उतरलं होतं. आक्कांचा पाय उशीसकट माझ्या मांडीवर होता, बर्फ संपला होता, मुली पेंगत होत्या. गाडी घाट चढायला लागली तसे आक्कांनी डोळे उघडले.

“जळगाव.”

पुढच्या सीटवरून ती वळली.

“सांग.”

“काय सांगू?”

“वर काय झालं त्ये. समदं सांग. काय गाळू नगं.”

जळगाव सांगू लागली. डबा चढताना पाठ सीटला कशी चिकटते, टोकावर गेल्यावर डोंगर कसे दिसतात, मग खाली रूळच नाहीत असं कसं वाटतं, पोट कसं मागे वरच राहतं. आक्का मध्ये मध्ये “मग?” म्हणत होत्या, लहान मुलाने गोष्ट ऐकावी तशा.

“उलटं झाल्यावर?”

“उलटं झाल्यावर मी ओरडले.”

“काय ओरडली?”

जळगाव लाजली. “आईला हाक मारली.” जरा थांबून ती म्हणाली, “आणि मग तुम्हाला.”

“व्हय,” आक्का म्हणाल्या. “मला आली ऐकू.”

त्या कल्लोळात, एवढ्या उंचावरून, कुणा एकीची हाक खाली ऐकू येणं शक्य नव्हतं. मी त्यांना धरून शेजारीच उभी होते. जळगाव मात्र आपल्या सीटवरून उठली, खाली आक्कांच्या पायाशी येऊन बसली, आणि घाट संपेपर्यंत तिथून हलली नाही.